यंत्राच्या डोळ्याला टिळा

निवृत्त झाल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. लग्नात विचारतात, दहाव्याला विचारतात, दवाखान्याच्या रांगेत माझा नंबर आला तरी सोडत नाहीत.

"भाऊ, गाडी उलटी व्हस, तं मानसं खाले पडतस का नही?"

मग मी रनाळ्याच्या आमच्या ओट्यावर उभा राहतो, तांब्यात पाणी भरतो आणि हात गरगर फिरवतो. तांब्या उलटा होतो, पण पाणी सांडत नाही. वेगात फिरणारी वस्तू बाहेर पळू पाहते, तांब्याचा तळ तिला अडवतो, म्हणून पाणी तळाला चिकटून राहतं. गाडीत बसलेला माणूस म्हणजे ते पाणी. एकदा तांब्याच सुटला आणि समोर बांधलेल्या म्हशीला लागला, पण त्यात दोष शास्त्राचा नव्हता. मी नुकताच वरण-बट्टी खाऊन उठलो होतो आणि हाताला तूप होतं.

दिवाळी अंकवाले म्हणाले, कारकीर्द लिहा. कारकीर्द कसली डोंबलाची? तेरा वर्षं मी एकाच रुळावर गाडी सोडली आणि दर वेळी ती जिथून सुटली तिथंच परत आली. त्याआधी साखर कारखान्यात फिटर होतो. नवापूरच्या अलीकडे हायवेला एका शेठनं जत्रेपेक्षा मोठं काहीतरी करायचं म्हणून बाग काढली, त्यात परदेशात वापरून झालेला एक रोलर कोस्टर आणून उभा केला. आमच्याकडे त्याला कोणी रोलर कोस्टर म्हणालं नाही. सगळे 'उलटी गाडी' म्हणायचे. नाव अगदी बरोबर होतं, कारण निम्मे लोक उतरल्यावर तेच करायचे.

धंदा सोपा आहे. गाडीला इंजिन नसतं. एक साखळी तिला उंच चढावर ओढत नेते आणि टोकाला सोडून देते. पुढचं सगळं उताराचं काम. चढताना टक टक टक आवाज येतो आणि लोकांना वाटतं काहीतरी तुटतंय. तुटत काही नाही. गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी खुंटी असते, ती रुळामधल्या एकेका दात्यावर पडत जाते. साखळी तुटली तरी खुंटी गाडीला मागं घसरू देत नाही. चाकं वर असतात, बाजूला असतात आणि रुळाच्या खालूनही असतात, मुठीत दांडा धरावा तशी. आणि तो वेढा, ज्यात माणूस उलटा होतो, तो गोल नसतो. वरच्या टोकाला निमुळता असतो. गोल केला तर खाली येताना माणसाच्या मानेचा काटा मोडेल. हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की घरी बायको माझ्या आधी सांगून टाकते.

वेढ्याखाली आम्ही जाळी बांधली होती. संध्याकाळी ती झाडली की काय काय निघायचं! चपला, तंबाखूच्या डब्या, कवळ्या. कवळ्या इतक्या, की मी एक खोकं वेगळं ठेवलं होतं. एक आजोबा आले, त्यातल्या तीन लावून बघितल्या आणि चौथी घेऊन गेले. ती त्यांची होती की नाही देव जाणे, पण जाताना हसले मात्र छान. एकदा नंदुरबारचा एक मिरचीचा व्यापारी नमुन्याच्या तिखटाची पुडी वरच्या खिशात घेऊन बसला. गाडी उलटी झाली, पुडी सुटली, आणि मागच्या तीन रांगा शिंकत शिंकत खाली आल्या. मागच्या बाईनं उतरल्या उतरल्या त्याला विचारलं, "काय भाव शे?" जागेवर सौदा झाला.

कोंबडीचं मात्र माझ्या माथी आहे. एका गड्यानं बाजारातून घेतलेली कोंबडी शालीखाली लपवून गाडीत नेली. मला दिसली नाही. खाली आला, शाल उघडली, तर कोंबडी जिवंत, पण डोळे असे की तिला सगळं कळून चुकलंय. गडी मला विचारतो, "आते ही अंडा देई का?" मी चष्मा काढून पुसत बसलो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जात्र्यानं गंभीरपणे सांगितलं, "देई. पण उभा देई."

हा जात्र्या वसावे. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला, खापरच्या पलीकडे दोन डोंगर ओलांडून त्याचं गाव. जत्रेच्या दिवशी जन्मला म्हणून जात्र्या. घरी भिली बोलायचा, माझ्याशी अहिराणी, शेठशी हिंदी आणि लोखंडाशी हातोडीनं. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी तो अख्खा रूळ पायी चढायचा आणि एकेका बोल्टवर छोटी हातोडी मारत जायचा. घट्ट बोल्ट खणकन बोलतो, सैल बोल्ट भद्द करतो. मी खाली पॅनेलच्या खोलीत चहा पीत बसलेलो असायचो. वरून ओरड यायची, "भाऊ, हाऊ नीट बोलस नही!" मग मी पाना पाठवायचो. पाठवायचो म्हणतोय, न्यायचो नाही. मला उंचीची भीती वाटायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. तपासणीच्या वहीत मात्र सही माझीच असायची, चांगली लफ्फेदार.

तपासणी झाली की रिकाम्या गाडीत वाळूच्या गोण्या पट्ट्यानं बांधून एक फेरी सोडायची, माणसांच्या आधी. जात्र्यानं त्या गोण्यांना नावं ठेवली होती. पहिली गोणी 'शेठ', कारण ती फुटायला आली होती. दुसरी गोणी 'भाऊ', म्हणजे मी. का, ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आठ वर्षं तो रोजंदारीवर होता. दिवाळी झाली की त्याचा सगळा पाडा ऊसतोडीला गुजरातेत उतरायचा आणि बागेचं काम थोडं सैल पडलं की याचंही नाव मुकादमाच्या यादीत जायचं. बायको, दोन पोरी, सगळं बिऱ्हाड पाचटात. मोठी पोरगी तीन वर्षं पहिलीतच होती, कारण दर वर्षी शाळेचं अर्धं साल फडात जायचं. त्या वर्षी शेठनं शब्द दिला, दसऱ्याला तुला कायम करतो. कायम म्हणजे बागेत राहायला खोली, आणि पोरींना नवापूरची शाळा. जात्र्यानं शाळेत जाऊन पोरींची नावंसुद्धा देऊन ठेवली होती.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्राची पूजा असते. पाना, हातोडी, ग्रीसची पिचकारी, सगळं पाटावर मांडायचं, झेंडूची माळ घालायची. पूजा मी करायचो. त्या दिवशी तर थाट निराळाच होता, कारण शेठच्या मुलीचं सुरतेकडे जमलं होतं आणि होणारी विहीणबाई गाडी बघायला येणार होत्या. शेठनं मला आदल्या दिवशीच सांगितलं, "हे बघा, मी तुमची ओळख इंजिनीअर म्हणून करून देणार. तुम्ही फक्त हसायचं." मी हसायचा सराव केला. जात्र्याचं कायमचं पत्र शेठनं स्वतः पाटावर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर सुपारी. पूजा झाली, पाहुणे फिरून आले, की त्याच्या हातात द्यायचं.

आता डोळ्याचं सांगतो. गाडी कुठं आहे हे पॅनेलला कळावं म्हणून रुळावर जागोजागी खटके असायचे. त्या उन्हाळ्यात ते काढून नवे 'डोळे' बसवले. रुळाच्या एका बाजूला डबी, ती न दिसणारा उजेड फेकते. दुसऱ्या बाजूला दुसरी डबी, ती तो बघते. मधून गाडी गेली की उजेड तुटतो आणि पॅनेलला कळतं, गाडी इथं आहे. उजेड तुटलेलाच राहिला तर पॅनेलला वाटतं पुढं गाडी अडकून उभी आहे, आणि ते मागचं सगळं थांबवतं. आमच्याकडे दोन गाड्या होत्या, एकीनं दुसरीला धडक देऊ नये म्हणून ही काळजी. यंत्र भित्रं असतं, आणि भित्रंच असावं.

सकाळी गोण्यांची फेरी नीट झाली. मग मी पूजा मांडली. मोटारीला टिळा, साखळीला टिळा, पॅनेलला टिळा. आणि माझ्या डोक्यात आलं, चढाच्या टोकावरचा तो नवा डोळा! घरात नवी सून आली आणि तिलाच कुंकू नाही, असं कसं चालेल? शेठ पाहुण्यांच्या स्वागताला फाटकावर, जात्र्या दुसऱ्या गाडीखाली चाकं बघत. कोणी बघत नाही असं पाहून मी देवाचं नाव घेत, कठडा धरत, चढालगतचा, वर्षातला माझा एकुलता एक जिना चढलो. दहा वर्षं पाण्यात कालवलेलं कुंकू लोखंडावर टिकत नाही हे मी बघत आलो होतो. म्हणून त्या वर्षी डोकं लढवलं आणि कुंकू मशीनच्या तेलात कालवलं. डोळ्याच्या काचेला नाही लावलं हो, तेवढी अक्कल होती. काचेच्या वरती, कपाळाला लावतात तसा भरघोस टिळा लावला. हात जोडले. चाललो खाली.

दोन फेऱ्या झकास झाल्या. दसऱ्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. लोखंड तापलं, तेल पातळ झालं, आणि माझा टिळा हळूहळू कपाळावरून डोळ्यात उतरला.

तिसऱ्या फेरीला विहीणबाई. रेशमी साडी, पुढून पहिली रांग. शेठनं माझ्याकडे बोट करून सांगितलं, "हे आमचे इंजिनीअर. दहा वर्षांत एकदाही कुणाला जिन्यानं उतरवावं लागलं नाही." मी सराव केल्याप्रमाणे हसलो आणि बटण दाबलं. टक टक टक टक, गाडी चढाच्या पाऊण उंचीवर गेली आणि थांबली. पॅनेलवर लाल दिवा. सोळा माणसं आभाळाकडे तोंड करून आडवी. आणि त्या शांततेत विहीणबाईंचा आवाज, "इंजिनीअर! ओ इंजिनीअर!"

पॅनेल सांगत होतं, वर गाडी उभी आहे. वर गाडी नव्हती हे अख्ख्या हायवेला दिसत होतं. जात्र्या काही न विचारता जिना चढला. आधी थेट टोकाला गेला, डोळा बघितला, गळ्यातल्या गमछ्यानं पुसला. मी खालून बघत होतो. गमछा पांढरा होता. आता त्याच्यावर तळहाताएवढा लाल डाग. त्यानं डागाकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे बघितलं. एवढ्या उंचीवरून माणसाचा चेहरा दिसत नाही, पण मला दिसला.

लाल दिवा लागल्यावर माणसं बसलेली असताना गाडी पुन्हा चालवायची नाही, हा नियम. त्यानं एकेकाचा पट्टा सोडला, पंधरा जणांना जिन्यावर घेतलं. विहीणबाई राहिल्या, उतरायलाच तयार नाहीत.

"ना ना, हुं नथी उतरवानी! क्रेन मंगावो!"

जात्र्या त्यांच्या पुढं एक पायरी खाली उभा राहिला. म्हणाला, "बाई, खाले देखू नका. वर बी देखू नका. नुसती मन्ही टाच देखा. टाच जठे ठेवस, तठे पाय ठेवा." आणि चालायला लागला. विहीणबाई एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं त्याच्या गमछ्याचं टोक धरून, भेगा पडलेल्या त्या टाचेकडे बघत, सगळ्या पायऱ्या उतरल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "खलास? बस?" त्यांना वाटलं अजून बराच जिना असेल.

पण शेठचा चेहरा पाटावरच्या कुंकवापेक्षा लाल झाला होता. "वर रोज कोण चढतं?" मी म्हणालो, जात्र्या. "डोळा पुसायचं काम कोणाचं?" मी म्हणालो, जात्र्याचं. दोन्ही उत्तरं खरी होती. खोटं मी एक अक्षर बोललो नाही, एवढी माझी लबाडी पक्की होती. शेठनं सुपारी बाजूला केली, पत्राची घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकली. "दिवाळीपर्यंत काम कर. मग बघू." माझा उजवा अंगठा लाल होता. तो मी पँटच्या खिशात घातला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर काढला नाही.

जात्र्या शेठला काहीच बोलला नाही. मला वाटलं, डोंगरातला भोळा माणूस, त्याच्या लक्षात आलं नसेल. भोळा मीच होतो. दुसऱ्या दिवशी तो तोच गमछा न धुता गळ्यात घालून आला, डाग वर करून. तिसऱ्या दिवशीही तोच. मी शेवटी हळूच विचारलं, "तू शेठले सांगं का नही?"

त्यानं गोणीचा पट्टा आवळला. "मी कसाले सांगू? तोंड तुम्हले बी शे."

मग 'भाऊ' नावाच्या गोणीवर थाप मारून म्हणाला, "ही गोणी आन् तुम्ही सारखाच. बठतस बराबर, बोलतस नही."

लाज वाटली, खरंच सांगतो. पण लाजेपेक्षा भीती मोठी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि त्या 'इंजिनीअर' शब्दाची मला चटक लागली होती. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "इंजिनीअर, भाकरी वाढू का?" मी ताट तसंच सारून उठलो.

शनिवार आला. जात्र्यानं सकाळीच सांगून टाकलं, उद्या खापरचा बाजार, तिथं मुकादमाला होकार देणार, दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन जाणार. शाळेत नावं नकोत म्हणून कळवलंय. तो हे सांगून रुळावर चढला आणि खणखण सुरू झाली. त्या दिवशी मी चहा प्यायलो नाही.

फाटक उघडलं आणि समोर विहीणबाई! सोबत सुरतेकडच्या सात-आठ मैत्रिणी. घरी जाऊन त्यांनी जिन्याची गोष्ट इतकी रंगवली होती की सगळ्या बघायला आल्या. शेठ धावत आले. बाईंनी पहिलंच विचारलं, "तो टाचवाला माणूस कुठं आहे? तो असेल तरच मी बसणार."

शेठ म्हणाले, "त्याला काढतोय आम्ही. त्याच्याच चुकीनं गाडी थांबली होती. डोळा पुसला नव्हता त्यानं."

जात्र्या तेवढ्यात जिना उतरून खाली आला होता. उभा राहिला. गळ्यात गमछा, डाग वर.

मी म्हणालो, "शेठ, मी लावलं कुंकू."

"काय?"

"डोळ्याला. दसऱ्याला. तेलात कालवून. उन्हानं वितळलं. याचं पुसायचं राहिलं नव्हतं, मीच घाण केली आणि चार दिवस गप्प बसलो. हा डाग त्याचा नाही, माझा आहे." आणि पुरावा म्हणून अंगठा पुढं केला. त्यावर आता काही नव्हतं, रोज घासून पांढरा झाला होता, तरी केला.

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मशीनने चांदलो कर्यो?" म्हणजे, मशीनला टिळा लावलात? आणि हसायला लागल्या, मैत्रिणी हसायला लागल्या, तिकिटाच्या रांगेतले लोक काय झालं ते न कळताच हसायला लागले. एकटा जात्र्या हसला नाही. तो शेठच्या खिशाकडे बघत होता.

शेठ इतके दिवस तोच कोट घालत होते. पत्र निघालं. मधोमध सुपारीचा गोल डाग पडला होता. जात्र्यानं ते घेतलं, मला दिलं, म्हणाला, "वाचा." मी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं, सही-शिक्क्यासकट. मग त्यानं घडी करून गमछ्याच्या गाठीत बांधलं आणि विहीणबाईंच्या मैत्रिणींना रांगेत बसवायला गेला.

मला शिक्षा झाली. शेठ म्हणाले, यापुढे पूजा जात्र्या करेल, तुम्ही नारळ धरायचा. आणि इंजिनीअर पुन्हा कोणी म्हणालं नाही. 'ओ फिटर' सुरू झालं, ते शेवटपर्यंत. जात्र्यानं मात्र त्या गोष्टीचा पुन्हा उल्लेख केला नाही, दोन वर्षांत एकदाही नाही. त्याची मोठी पोरगी पहिलीतून एकदाची दुसरीत गेली, तेव्हा त्यानं मला पेढा दिला, अर्धा. अर्धा 'भाऊ' गोणीवर ठेवला.

माझा निरोपाचा कार्यक्रम बागेतच झाला. छोटं स्टेज, हार, शाल, शेठचं भाषण. भाषणात मी फिटरचा फिटरच राहिलो. टिळा लावायला जात्र्या ताट घेऊन वर आला. अंगठा कुंकवात बुडवला. मी कपाळ पुढं केलं. तो अंगठा कपाळाकडे गेलाच नाही, सरळ माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर आला आणि तिथं भरघोस टेकला. वास आला आणि मी ओळखलं, तेलात कालवलेलं होतं.

लोकांना वाटलं, चुकून लागलं. मला अर्धं जग लाल दिसत होतं.

कानाशी वाकून तो म्हणाला, "आते थांबा, भाऊ."

मी थांबलो. हसू येत होतं आणि नाकातून पाणी येत होतं. खाली उतरायला स्टेजच्या तीनच पायऱ्या होत्या, पण एवढ्याशा उंचीवरही मी धरायला कठडा शोधू लागलो. माझी भीती त्याला ठाऊक होती तर, दहा वर्षं. तो माझ्या पुढं एक पायरी खाली गेला आणि मागं न बघता म्हणाला, "मन्ही टाच देखा."

उजव्या काचेतून तेवढीच दिसत होती.